भाजलेला रुग्ण दाखल होताना: आधी वेळ लिहा

ज्वाळेने भाजलेला रुग्ण आला की केसपेपरवर पहिल्यांदा भाजल्याची वेळ लिहा. रुग्णालयात पोचल्याची नव्हे. सलाइनचा सगळा हिशेब भाजल्याच्या क्षणापासून चालतो. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच उतरवा. तासाभरात बोटं सुजली की हे दागिने कापून काढावे लागतात.

मग अंगाचा किती भाग भाजला, त्याचे टक्के मोजा. मोठ्या माणसात डोकं-मान 9, एकेक हात 9, एकेक पाय 18, छाती-पोट 18, पाठ 18, जननेंद्रियं 1. ठिकठिकाणी भाजलं असेल तर रुग्णाचाच तळहात, बोटांसकट, 1 टक्का धरा. नुसती लाल झालेली कातडी मोजू नका. आकडा फुगतो तो इथेच. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून त्यांना हे आकडे लावू नयेत.

समजा, स्टोव्हच्या भडक्याने नायलॉनची साडी पेटली. बाई 50 किलोची, 40 टक्के भाजलेली. सूत्र असं: 4 मिली × वजन × टक्के. 4 × 50 × 40 = 8000 मिली रिंगर लॅक्टेट (सलाइनचाच एक प्रकार) 24 तासांत. त्यातलं निम्मं, 4000 मिली, पहिल्या 8 तासांत जायला हवं. ती तीन तासांनी पोचली तर उरले 5 तास, म्हणजे ताशी 800 मिली. पण सूत्र सुरुवातीपुरतंच. पुढे कॅथेटरमधली (लघवीच्या नळीतली) लघवी बघा: तिला ताशी किमान 25 मिली हवी. कमी पडली तर वेग वाढवा, 50च्या वर गेली तर उतरवा. जादा सलाइनने फुफ्फुसात पाणी भरतं.

टक्के कमी असले तरी धूर जीव घेतो. आग बंद खोलीत लागली होती का, हे विचाराच. घोगरा आवाज, नाकात काजळी, नाकातले केस करपलेले दिसले तर भूलतज्ज्ञांना ताबडतोब बोलवा. घसा सुजेपर्यंत थांबलात तर श्वासाची नळी घालायला वाट उरत नाही. ऑक्सिमीटरवर 98 दिसलं तरी मास्कने पूर्ण ऑक्सिजन द्या. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्या यंत्राला ऑक्सिजनच वाटतो.

नातेवाइकांशी बोलण्याआधी वय आणि टक्के यांची बेरीज करा, धूर छातीत गेला असेल तर आणखी 17 मिळवा. तिशीत 40 टक्के म्हणजे 70; पासष्टीत तेवढंच भाजून धूरही गेला तर 122. बेरीज वाढते तसा मृत्यूचा धोका वाढतो. पहिले दोन दिवस निभावले तरी ‘आता सुटलो’ म्हणू नका. पुढचा घाला जखमेतल्या जंतुसंसर्गाचा असतो.

मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर भाजल्याची वेळ, वजन, टक्के, दिलेलं सलाइन आणि झालेली लघवी, सगळं मिलीलिटरमध्ये लिहा.