विज्ञानाच्या तासाला मूल बाजूला पडतंय? या चुका टाळा

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत लिटमसचा, म्हणजे कागदाच्या रंगावरून आम्ल-आम्लारी ओळखायचा प्रयोग चालू होता. एका मुलीला अजिबात दिसत नाही. तिला म्हणालो, "तू नुसतं ऐक, बाळा." पोरं रंग बदलला म्हणून ओरडत होती आणि ती मांडीवर हात ठेवून बसली होती. पाठ सोपा करायच्या नादात मी तिचा प्रयोगच काढून घेतला होता. ही सगळ्यात मोठी चूक.

आम्ल-आम्लारी वासावरूनही ओळखता येतात. बारीक चिरलेल्या कांद्यासोबत कापडाच्या पट्ट्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे, दुसरीवर सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणाचे थेंब टाका. थेंब शिक्षकानंच टाकायचे. पट्ट्या पाण्यानं नीट धुऊन मग हुंगायला द्या. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. पुढच्या वेळी हे केलं तेव्हा त्या मुलीनंच आधी सांगितलं, "सर, हिचा वास गेला." लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या मुलांनाही हाच प्रयोग चालतो.

न दिसणाऱ्या मुलाला हातानं कळावी म्हणून आकृतीवर लोकरीचा दोरा चिकटवताना सगळे भाग एकाच पानावर कोंबू नका, बोटांना ते उलगडत नाही. फुलाची तर आकृतीही नको, जास्वंद हातात द्या. मधल्या दांड्यावरचे पुंकेसर आणि टोकाच्या पाच कुक्षी बोटाला बरोबर लागतात.

कमी ऐकू येणारं मूल ओठ वाचतं, म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ध्वनीचा पाठ त्याच्यासाठी गाळूही नका. हलगीवर ज्वारीचे दाणे टाकून वाजवा, ते उडताना दिसतात. मग कडेवर हात ठेवायला सांगा.

वाचताना अडखळणाऱ्या मुलाला व्याख्या दहादा लिहायला लावणं ही शिक्षाच झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचणही आहे. त्याला तोंडी विचारा, करून दाखवू द्या.

आणि आपल्या मराठवाड्यात एक गोष्ट फार जपायला हवी. दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत ऊसतोडीला गेलेलं लेकरू परत आल्यावर मागे दिसतं. त्याला लगेच 'मतिमंद' म्हणू नका. त्याचे पाठ बुडालेत, तेवढे प्रयोग पुन्हा करून घ्या.