पार्किंगमध्ये पडलेल्या एमटीबीची ऑफिसची सायकल कशी करायची

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा, खांबाला टेकवलेल्या दोन-चार गिअरच्या सायकली सापडतातच. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजलेली, सीटवर बोटभर धूळ. कुणी लॉकडाऊनमध्ये उत्साहात घेतलेली, कुणी पोराला दहावीनंतर आणलेली. आणि त्याच सोसायटीतल्या माणसानं ऑफिसला सायकलनं जायचं ठरवलं की तो आधी नवी सायकल शोधायला लागतो. थांबा जरा. आठ-दहा किलोमीटरच्या ऑफिसला तीच जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मस्त चालते, फक्त ती डोंगरासाठी बनवलेली असते (खरं तर डोंगराच्या फोटोसाठी), तिला रस्त्याची करायची. पैसे घालायचे ते सायकल जिथं रस्त्याला टेकते तिथं आणि आपण जिथं सायकलला टेकतो तिथं आधी. नवे गिअर, रंगीत पेडल वगैरे नंतर, किंवा कधीच नाही.

सगळ्यात आधी माप. दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभं राहायचं, मध्ये तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. सायकल पोराची असेल आणि फारच छोटी असेल तर नाद सोडा, कारण सीटचा पाइप वर ओढून ओढून किती ओढणार, त्यावर एक खूण असते आणि ती खूण बाहेर दिसायला लागली की पाइप निसटायची किंवा फ्रेमला चीर जायची भीती असते. माप जमत असेल तर फुल सर्व्हिसिंग करून घ्या. म्हणजे नुसतं पाणी मारून तेल सोडणं नाही, दोन्ही हब (चाकाचा मधला, आसाभोवतीचा भाग) उघडून ग्रीस बदलायचं, छर्रे खराब असतील तर तेही, चाकांचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायचा, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी आऊटरसकट (वरच्या नळीसकट) नव्या टाकायच्या. वायर स्वस्त असते आणि अर्धे गिअरचे प्रॉब्लेम तिथंच संपतात.

आता टायर. सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. एमटीबीला जाड गोट्यांचे टायर येतात, डांबरी रस्त्यावर ते घूं घूं आवाज करतात आणि तुमची ताकद खातात. त्या जागी गुळगुळीत किंवा हलक्या खाचांचे टायर टाका. २६ × १.९५ चे असतील तर २६ × १.५ मिळतात का बघा, आणि घ्यायच्या आधी जुन्या टायरच्या कडेला छापलेले आकडे नीट वाचा, कारण इथं लोक हमखास फसतात. २६ × १.५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही '२६ चे'च, पण अपूर्णांकवाला टायर पूर्ण वेगळ्या रिमचा असतो आणि तो तुमच्या रिमवर बसणार नाही. खात्रीचा आकडा म्हणजे तीन अंकी, तो रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो: २६ इंची एमटीबीचा ५५९, साडेसत्तावीसचा ५८४, एकोणतीस आणि ७०० सीचा ६२२. हा आकडा जुळला की निम्मं काम झालं, रुंदी मग आपल्या सोयीनं. एकदम सडपातळ टायरच्या मोहात पडू नका, आपल्याकडचे खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याच्या दिशेनं फटी असलेल्या ड्रेनेजच्या जाळ्या बघता दीड इंच बरोबर आहे.

हवा अंगठ्यानं दाबून कळत नाही. हवेचा दाब दाखवणारा, गेजवाला उभा पंप घरी ठेवा, आयुष्यभर कामाला येतो. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला दीड इंची टायरमध्ये ४५ ते ५० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) पुढे आणि त्याहून पाचेक जास्त मागे, इथनं सुरुवात करा आणि आपल्या रस्त्याप्रमाणे कमीजास्त करत बघा, फक्त टायरवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेर जाऊ नका. बहुतेक एमटीबींना बाइकसारखाच जाड व्हॉल्व असतो, त्यामुळे कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो, पण त्याला आधीच सांगा की सायकल आहे, हळू. कॉम्प्रेसरनं दोन सेकंदात ट्यूब फाटू शकते. बारीक व्हॉल्व असेल तर एक पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो त्यावर फिरवून बसवला की तोच पंप चालतो.

सीटची उंची हा फुकटचा उपाय आहे आणि तरी दहातले आठ जण चुकीच्या उंचीवर चालवतात, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत असं डोक्यात बसलेलं असतं. भिंतीला हात लावून सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघा थोडासाच वाकलेला राहतो, तेवढंच हवं. सिग्नलला सीटवरनं पुढे उतरून उभं राहायचं, सवय होते. गुडघा पुढच्या बाजूनं दुखायला लागला तर सीट बहुतेक खाली आहे, मागनं दुखला तर वर. सीटचं नाक खाली झुकवू नका, सगळा भार तळहातावर येतो आणि बोटं बधिर होतात. सोफ्यासारखी रुंद जेल सीट दुकानात छान वाटते, पण अर्ध्या तासानंतर तीच मांड्यांना घासते, जरा कडक पण आपल्या हाडांच्या रुंदीची सीट जास्त सुखाची. पाठ फार वाकत असेल तर हँडलचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा छोटा तुकडा) उलटा लावून बघा, बऱ्याच सायकलींवर तेवढ्यानंच हँडल वर येतं.

सस्पेन्शनबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. स्वस्त सायकलीवरचा पुढचा शॉकअप म्हणजे नुसतं वजन, चढावर उभं राहून पेडल मारलं की वरखाली हलत बसतो. लॉक करायची सोय असेल तर लॉक करा आणि विसरा.

मडगार्ड मात्र पावसाळ्याच्या आधीच. छोटे, वर तोंड करून उभे राहणारे प्लॅस्टिकचे तुकडे घेऊ नका, त्यांनी ऑफिसला पोहोचेपर्यंत पाठीवर चिखलाची रेघ ओढलेली असते. चाकाला पूर्ण वेढणारे, तारेच्या दांड्यांवर बसणारे हवेत. मागे बसवायला फ्रेमला बहुतेक भोकं असतात, पुढे शॉकअपला नसतात, तिथं क्लिपचा लांब मडगार्ड आणि फ्रेमच्या खालच्या दांड्याला बांधायची पट्टी असं मिळून काम भागतं. पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लटकवा, बूट कोरडे राहतात.

लॅपटॉप पाठीवर घेऊन चांदणी चौकाचा चढ चढलात की पाठ भिजणार, त्यापेक्षा कॅरिअर लावा. डिस्क ब्रेक असतील तर ब्रेकला न अडणारा कॅरिअर मागून घ्या, साधा बसत नाही. नुसता सीटच्या पाइपला आवळायचा कॅरिअर असतो तो डबा-छत्रीपुरता, त्यावर लिहिलेलं वजन वाचा. नाना पेठेत सायकलच्या दुकानांत फिरलात की डोळ्यासमोर लावूनही मिळेल. त्यावर बाजूची बॅग, ती शक्यतो मागे सरकवून, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टाच लागते. लॉटरी लागल्यासारखी महागडी वॉटरप्रूफ बॅग नको असेल तर साधी बॅग आणि आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. इलॅस्टिकची दोरी वापरत असाल तर तिचं लोंबणारं टोक खोचा, तारांमध्ये अडकलं तर चाक जागेवर थांबतं.

लाइट पुढे पांढरा, मागे लाल, आणि पुढचा खाली झुकवून, समोरच्याच्या डोळ्यात नाही. मागचा दिवसासुद्धा चालू ठेवा. कॅरिअरची बॅग तो झाकत नाही ना हे मागे जाऊन स्वतः बघा, हे कुणीच बघत नाही. आरसा हँडलच्या उजव्या टोकाला, कारण आपण डाव्या कडेनं चालतो आणि पीएमपीची बस उजवीकडनं येते. घंटी लावा, हेल्मेट घाला, यावर वाद नको.

ब्रेक. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तरी एकदा खात्री करा. रबरवाले ब्रेक असतील तर पावसात रिम ओली असते आणि चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही, म्हणून उताराआधीच हलके दाबून रिम पुसून घ्यायची. डिस्क असेल तर चेनवर स्प्रे मारताना डिस्ककडे एक थेंबही जाऊ देऊ नका, पॅड तेल पितात आणि मग बदलावेच लागतात.

चेनला खोबरेल नको, इंजिन ऑइलचे थर नकोत. रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळवा, चेनचं ऑइल प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. पावसाळ्यात हे जरा वारंवार. चेन संपली का हे फुटपट्टीनं कळतं: एका पिनच्या मध्यापासून मोजलेल्या बारा जोड-कड्या (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर बारा इंच भरतात, त्या १२ इंचाच्या वर एक सोळांश इंच गेल्या की चेन बदला. अजून ताणली तर ती मागच्या फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दातही खाते आणि खर्च वाढतो.

कुलूप नंबरवाली बारीक केबल नको, साध्या कटरनं तुटते. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी यू आकाराचं जाड लोखंडी कुलूप, घ्या, मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही त्यात घालून जमिनीत पक्क्या असलेल्या कशाला तरी लावा. चाकाला आणि सीटला हातानं उघडायचे खटके असतील तर त्या जागी एलन (षटकोनी) पान्यानं उघडणारे बोल्ट लावा, सीट चोरीला जाणं ही खरी गोष्ट आहे. बॅगेत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरनं टायर काढायच्या पट्ट्या), छोटा पंप आणि एलन पान्यांचा सेट. रस्त्यात पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला आणि पॅच घरी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतनं हळूच बोट फिरवून काटा किंवा काच शोधा, नाहीतर पुढच्या चौकात पुन्हा तेच.

पेडल बदलायची झाली तर डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, पुढच्या दिशेनं आवळतं म्हणजे नेहमीच्या उलट, जोर लावून आटे खराब करू नका. आणि हे सगळं बसवून आठवडाभर चालवल्यावर क्रँकचे (पेडल ज्या दांड्यांना असतात त्यांचे), कॅरिअरचे आणि मडगार्डचे बोल्ट एकदा परत आवळा, नवीन बसवलेलं सगळं पहिल्या आठवड्यात थोडं सैल होतंच.