देणगी द्यायच्या आधी संस्था कशी बघायची: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून किंवा दुसरी नोकरी सोडून सामाजिक क्षेत्रात आलेली बरीच मुलंमुली सीएसआर डेस्कवर (कंपनीचा सामाजिक कामांसाठीचा निधी बघणाऱ्या विभागात) नाहीतर एखाद्या देणगीदार गटाकडे लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर चार-पाच संस्थांच्या फायली येऊन पडतात, वर साहेबांचं एक वाक्य, "जेन्युइन आहेत का बघून घे." आता जेन्युइन म्हणजे नेमकं काय बघायचं हे कोणी शिकवत नाही. मी पुण्यातून हे काम करते, जास्त करून छोट्या संस्था, वसतिगृहं, पाणलोटाची कामं, वृद्धाश्रम. नव्या लोकांचे फोन येतात तेव्हा जे सांगते तेच इथे लिहितेय. स्वतःच्या खिशातून वर्षाला पाच-दहा हजार देणाऱ्यालाही यातलं निम्मं तरी उपयोगी पडेल.

सुरुवात नोंदणीपासून. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट असेल तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली (१९५० चा कायदा, जुने लोक अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्टच म्हणतात) धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. संस्था जर सोसायटी असेल, म्हणजे १८६० च्या सोसायटी कायद्याखालची, तर आपल्याकडे तिला सोसायटीचा एक नंबर आणि ट्रस्ट म्हणून दुसरा, 'एफ' नं सुरू होणारा, असे दोन नंबर असतात, त्यामुळे दोन नंबर बघून गोंधळू नका. तिसरा प्रकार सेक्शन ८ कंपनी, ती २०१३ च्या कंपनी कायद्याखाली, तिची माहिती कंपनी मंत्रालयाच्या साइटवर मिळते, धर्मादायकडे शोधत बसू नका.

लेटरहेडवरचा नंबर कॉपी करून फाइलमध्ये टाकला म्हणजे तपासणी झाली असं नाही. परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीची प्रत, मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात, मालमत्ता असते. मग संस्थेनं दिलेली सध्याच्या विश्वस्तांची यादी शेजारी ठेवा आणि नावं जुळवा. नव्वद टक्के शिकणं या एका कामात आहे असं मला मनापासून वाटतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो, पण तो मंजूर व्हायला कधीकधी वर्षं जातात, म्हणून उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव दिसलं तर लगेच संस्था बोगस ठरवू नका. अर्ज दाखल केल्याची पोच मागा. पोच मिळाली तर ठीक. पोचच नाही आणि "ते आमचं अंतर्गत आहे" असं उत्तर आलं तर थांबा, बहुतेक वेळा आत दोन गट असतात आणि चेकवर कोणी सही करायची यावरच भांडण चालू असतं.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी साइटचा) आयडी बरेच जण सर्टिफिकेटसारखा फ्रेम करून लावतात. ती नुसती नोंद आहे. सरकारनं काम बघून शाबासकी दिली असा त्याचा अर्थ होत नाही. सीएसआर-१ चा (कंपनी मंत्रालयाकडे संस्थेनं भरायच्या फॉर्मचा) नंबरही तसाच, कंपनीचा सीएसआर निधी घ्यायचा तर २०२१ पासून तो लागतो, नसेल तर कंपनीला देता येत नाही, असेल म्हणून काम चांगलं असं नाही.

आयकराचे कागद मात्र नीट वाचा. १२ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट आणि ८०जी म्हणजे देणाऱ्याला वजावट, हे दोन वेगळे आहेत आणि नवे लोक इथे हमखास गोंधळतात. एप्रिल २०२१ पासून सगळ्या संस्थांना नव्यानं नोंदणी करावी लागली आणि आता ८०जीला मुदत असते, त्यामुळे कोणी जुनं 'कायमस्वरूपी' पत्र पुढे केलं तर नम्रपणे सांगा की नवीन ऑर्डर दाखवा. आयकर खात्याच्या साइटवर सूट असलेल्या संस्थांची यादी आहे, तिथे पॅन टाकून बघता येतं. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण फील्डवर सगळे अजून ८०जीच म्हणतात म्हणून मीही तेच लिहितेय.) पॅनचीच एक गंमत माहीत असू द्या, चौथं अक्षर बघायचं. ट्रस्टचं टी, कंपनीचं सी, सोसायटीचं बऱ्याचदा ए. तिथे पी असेल तर तो पॅन एका व्यक्तीचा आहे, संस्थेचा नाही, आणि मग खातं कोणाच्या नावावर आहे हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर त्यावर वजावट मिळत नाही. वस्तू दिल्या, धान्य दिलं, तर त्यावरही नाही. तरी "पाच लाखांची पावती देतो, कमिशन कापून बाकीचे रोख परत" असं सांगणारे भेटतात. ही सरळ करचोरी आहे, देणगीदारही त्यात अडकतो. कोणी अशी ऑफर नुसती बोलून दाखवली तरी ती फाइल तिथेच बंद करायची, मग काम कितीही चांगलं दिसो.

आता हिशोब. किमान तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, एका वर्षाचा बघून काही कळत नाही. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. कॉमर्सवाले नसाल तर घाबरू नका, मीही नव्हते, सीए मैत्रिणीकडे बसून शिकले. मी आधी कर्ज आणि ॲडव्हान्सचा रकाना बघते: संस्थेनं कोणाला पैसे उसने दिलेत का, आणि ते नाव विश्वस्तांच्या यादीत आहे का. मग भाडं, जागा कोणाची आहे? अध्यक्षांच्या पत्नीची असेल तर ते गुन्हा नाही, पण भाड्याचा ठराव आणि करारनामा दाखवता आला पाहिजे. मग 'इतर खर्च', तो एकूण खर्चाच्या मानानं फुगलेला असेल तर फोड मागा. आणि मुदत ठेवी. बँकेत मोठी रक्कम पडून आहे आणि पत्रकात मात्र "मुलांना उद्या जेवायला नाही" असं लिहिलंय, तर त्यांना विचारायलाच हवं. कधी उत्तर चांगलं असतं, तो कॉर्पस, म्हणजे न मोडता जपायचा कायम निधी असतो, इमारतीसाठी राखलेला असतो. कधी नसतं.

पगारावरून संस्थेला झोडपू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. "शंभरातले शंभर रुपये गरजूंपर्यंत" असं लिहिलेलं बघून देणगीदार खूश होतात, पण गावात जाऊन कुपोषित बाळाचं वजन करणारी ताई, रात्री वसतिगृहात थांबणारी अधीक्षक, हिशोब लिहिणारा मुलगा, यांचे पगार कोण देणार? आरोग्य, शिक्षण, समुपदेशन या कामांत माणूस हाच खर्च असतो. शून्य प्रशासकीय खर्च दाखवणाऱ्या संस्थेचे हिशोब मी जास्त बारकाईनं बघते, कारण तो खर्च कुठेतरी दुसऱ्या नावाखाली लपलेला असतो.

हे सगळं झालं की कागद संपतात, आणि माझ्या मते खरी तपासणी इथून पुढे सुरू होते. नोंदणी सांगते की संस्था अस्तित्वात आहे. ऑडिट सांगतं की आकडे जुळतात. पण या संस्थेत पैशाच्या बाबतीत अध्यक्षांना "नाही" म्हणू शकेल असा माणूस कोण आहे, हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं. नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा खजिनदार, मुलगा प्रकल्प समन्वयक, अशा संस्था आपल्याकडे ढिगानं आहेत आणि त्यातल्या काहींचं काम खरोखर जीव ओतून केलेलं असतं, हे मान्य. तरी त्यांनाही विचारा की तुमच्या दोघांच्या पश्चात हे कोण बघणार, आणि आज एखादा खर्च चुकीचा वाटला तर कोण बोलणार. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, मागा. सगळे ठराव 'सर्वानुमते मंजूर', चर्चा एका ओळीचीही नाही, पाच वर्षांच्या सह्या एकाच शाईत, तर सभा झालेल्याच नाहीत. उलट मी एका तालुक्याच्या गावात असं इतिवृत्त वाचलंय ज्यात खजिनदार बाईंनी गाडी घ्यायला विरोध नोंदवला होता, कारणांसकट, आणि गाडी घेतली गेली नव्हती. त्या संस्थेचे लेटरहेडही धड नव्हते. मी मनापासून शिफारस केली.

भेटीला जायचंच, आणि शक्य असेल तर एकदा ठरवून आणि एकदा थोडं अचानक, पण पोलिसी थाटात नाही. ठरवून गेलात की रांगोळी, हार, नारळ, मुलांचं स्वागतगीत. ते ऐका, मुलांनी मेहनत केलेली असते. मग स्वयंपाकघरात जा. वसतिगृहात किती मुलं आहेत हे अध्यक्षांना विचारण्यापेक्षा स्वयंपाकाच्या मावशींना विचारा की मावशी, सकाळी पीठ किती मळता, तांदूळ किती लागतो. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नसतं आणि आकडा तोंडपाठ असतो. तो किराणाच्या बिलाशी आणि हजेरीशी लावून बघा. एका ठिकाणी हजेरीपटावर साठ मुलं होती आणि मावशी वीस-बावीस जणांचा स्वयंपाक करत होत्या. बाहेरच्या चपला, दोरीवरचे टॉवेल, झोपायच्या सतरंज्या, सगळं तेच सांगत होतं. अध्यक्ष म्हणाले बाकीची मुलं सणाला घरी गेलीत, तेव्हा कुठलाच सण नव्हता.

मुलांच्या संस्थांबद्दल आणखी एक गोष्ट, जी देणगीदारांना कडू लागते. निराधार किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणारी संस्था बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंदलेली असावी लागते आणि मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशानं तिथे आलेली असतात. नुसती ट्रस्टची नोंदणी पुरत नाही. त्याच कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. म्हणून जी संस्था तुम्हाला मुलीचा चेहरा, नाव, गाव आणि तिच्यावर काय गुजरलं हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवते, ती पारदर्शक नाही, ती त्या मुलीचं नुकसान करतेय. आणि वाढदिवसाला केक घेऊन जाऊन फोटो काढायला मिळाले नाहीत म्हणून एखाद्या संस्थेवर रुसू नका, त्यांचं बरोबर आहे.

वैयक्तिक पातळीवर देणाऱ्यांना फसवणूक जास्त करून मोबाइलवरच भेटते. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स फंड जाहीर झाल्यावर लगेच त्याच्या यूपीआय आयडीसारखाच दिसणारा, एक अक्षर कमी असलेला खोटा आयडी फिरायला लागला होता. पूर आला, दरड कोसळली की आजही हाच प्रकार होतो. क्यूआर स्कॅन केला की पैसे जायच्या आधी नाव दिसतं, ते संस्थेचंच आहे का वाचा, व्यक्तीचं असेल तर थांबा. फॉरवर्डमधल्या नंबरवर फोन करून खात्री करू नका, संस्थेच्या साइटवरचा नंबर घ्या. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

आजारपणासाठीच्या क्राउडफंडिंगमध्ये हॉस्पिटलचं एस्टिमेट बघा, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाणार का विचारा. आणि हॉस्पिटल धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तिथल्या समाजसेवकाला घरच्यांनी भेटलंय का तेही विचारा. कित्येकदा घरच्यांना हे माहीतच नसतं आणि तुमच्या हजार रुपयांपेक्षा ही माहिती मोठी ठरते.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, हवं आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच जायला हवेत. "पुतण्याच्या खात्यात टाका, आम्ही फिरवतो" हे कोणी सुचवलं तर ऐकू नका, संस्थेचीच नोंदणी जाऊ शकते.

अहवाल लिहिताना 'योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. कागद ढिले पण काम खरं, अशा संस्था तुम्हाला पुष्कळ भेटतील, विशेषतः तालुक्याच्या खाली. तिथे मी लिहिते की पहिल्या वर्षी छोटी रक्कम द्या, दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि बिलं बघून, आणि त्यातलाच थोडा भाग हिशोबनीस आणि सीएच्या फीसाठी धरा. साहेब आधी नाक मुरडतात. त्यांना खजिनदार बाईंचं ते इतिवृत्त दाखवते. आणि नकार द्यायचा असेल तर संस्थेला कारण लेखी कळवा, कोणता कागद कमी पडला, कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. बहुतेक ठिकाणी नुसतंच "बघू, कळवतो" म्हणून वर्षभर लटकवून ठेवतात, आणि तिकडे ती माणसं त्या पैशाच्या भरवशावर पुढच्या सत्राचे प्रवेश घेऊन बसलेली असतात.