लिम्फोमा आणि रक्तातील लिम्फोसाइट : रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लिम्फोमाचे, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचे, निदान झाल्यावर घरातील मंडळींची नजर सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमधील लिम्फोसाइटच्या टक्केवारीवर खिळते, आणि पहिली चूक तिथेच होते. टक्केवारी ही केवळ वाटणी असते. प्रत्यक्ष संख्या काढण्यासाठी ती एकूण पांढऱ्या पेशींच्या संख्येने गुणून शंभराने भागावी लागते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १२,००० आणि लिम्फोसाइट ९ टक्के असतील, तर संख्या १,०८० येते. एकूण पेशी ४,००० आणि लिम्फोसाइट १४ टक्के असतील, तर ती ५६० भरते. टक्का मोठा असूनही पेशी कमी आहेत त्या दुसऱ्या रुग्णाच्या.

हा फरक किरकोळ नाही. हॉजकिन हा लिम्फोमाचा एक प्रकार. पुढच्या टप्प्यातील हॉजकिन लिम्फोमाचा पुढचा अंदाज बांधण्यासाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्देशांकात लिम्फोसाइट ६०० पेक्षा कमी किंवा ८ टक्क्यांहून कमी असणे हा एक प्रतिकूल घटक मानला आहे. मात्र तो सातांपैकी एक आहे. वय, लिंग, आजाराची चौथी अवस्था, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि एकूण पांढऱ्या पेशी हे उरलेले सहा. त्यामुळे एवढ्या एका आकड्यावरून आयुष्याचा हिशेब मांडणे चुकीचे तर आहेच, पण रुग्णावर अन्याय करणारेही आहे. शिवाय हे निर्देशांक रुग्णांच्या मोठ्या समूहांवरून बांधलेले असतात आणि हॉजकिनचा निर्देशांक इतर लिम्फोमांना जसाच्या तसा लावता येत नाही.

रक्त कधी घेतले, हे न पाहणे ही मला सर्वांत घातक वाटणारी चूक. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सुरू झाले की रक्तातील लिम्फोसाइट घटतात आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात. केमोथेरपीनेही पेशी कमी होतात, तर पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनने न्यूट्रोफिल झपाट्याने चढतात. अशा दिवसांत न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर काढून घाबरून जाऊ नये. पूर्वानुमानासाठी, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याच्या अंदाजासाठी, उपचारापूर्वीचा रिपोर्ट पाहतात, म्हणून तो वेगळा जपून ठेवावा आणि त्या सुमारास ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइडची गोळी चालू होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

याउलट लिम्फोसाइट वाढलेले पाहून प्रतिकारशक्ती सुधारली, असे समजू नये. मॅन्टल सेलसारख्या काही लिम्फोमांत रोगट पेशीच रक्तात उतरतात आणि यंत्र त्यांनाही लिम्फोसाइट म्हणूनच मोजू शकते. त्या कोणत्या, हे रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी) पाहूनच ठरवावे लागते.