मगर आहे म्हणजे पाणी चांगलं आहे का?

बडोद्यात पर्यावरणशास्त्राला नव्याने प्रवेश घेतलेली मुलं भेटली की मी त्यांना एक प्रश्न विचारते. काळा घोड्याच्या पुलावरून खाली मगर दिसते, मग विश्वामित्री नदीचं पाणी चांगलं आहे असं म्हणायचं का? काही जण हो म्हणतात, कारण अन्नसाखळीच्या टोकाचा प्राणी टिकला की परिसंस्था निरोगी, असं शाळेत वाचलेलं असतं. काही जण नाही म्हणतात, कारण पुलावर वास येतो. पण असं का, हे दोन्हीकडच्यांना सांगता येत नाही. पहिल्या सेमिस्टरच्या सगळ्या संकल्पना या एका 'का'मध्ये बसतात, म्हणून त्यांच्या व्याख्या पाठ करण्याआधी हा प्रश्न सोडवा.

मगर फुप्फुसांनी श्वास घेते. नाकपुड्या पाण्याबाहेर काढल्या की तिचं काम झालं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी झाला तर त्याचा थेट त्रास माशांना होतो, तिला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात हा ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम लागतो आणि मासे व वन्यजीवांसाठी किमान ४. सांडपाणी मिसळलं की त्यातला सेंद्रिय मैला कुजवणारे जिवाणू हाच ऑक्सिजन वापरतात. ते किती वापरतील याचं माप म्हणजे बीओडी, आणि आंघोळीच्या पाण्यात ती ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे आकडे कायमचे लक्षात ठेवा, नोकरीत रोज लागतात.

आता मागूर मासा घ्या. त्याला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून घाण पाण्यातही तो तग धरतो. उलट मेफ्लायसारख्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यांतल्या बहुतेक जाती ऑक्सिजन घटला की आधी नाहीशा होतात. म्हणजे पाण्याबद्दल साक्ष हवी असेल तर दगड उलटून त्याच्या खालचे किडे पाहायचे, काठावरच्या मगरीला विचारायचं नाही. मर्यादक घटक म्हणतात तो हाच: कोणत्या जिवाची गाडी नेमकी कशावर अडते. प्रत्येक जिवासाठी उत्तर वेगळं येतं, आणि ते माहीत नसेल तर एखादा प्राणी दिसला किंवा दिसला नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही.

मग मगर कशावर अडते? काठावर. एप्रिलच्या आसपास मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पावसाळा तोंडावर आला की पिल्लं बाहेर येतात. अंड्यातून नर निघणार की मादी हे खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. ऊन खायलाही तिला उतरता, मोकळा काठ हवा. काठ सिमेंटने बांधून काढला आणि पाणी अगदी शुद्ध केलं, तरी तिचं घर गेलंच. अधिवास हा शब्द वहीत लिहिताना पाण्याबरोबर ही माती आणि हा उतारही लिहा. विश्वामित्रीकाठची कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, नकाशावर पडीक जमीन वाटतात. पुराचं पाणी पसरायला आणि मुरायला जागा तिथेच मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात पाणी शिरलं आणि सोसायट्यांमधून मगरी पकडून न्याव्या लागल्या. तेव्हा 'मगरी शहरात आल्या' असं सगळे म्हणत होते. पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने उलट बाजूने विचारावं, की नदीच्या पूरमैदानात काय काय येऊन बसलं आहे.

दुसरी गाठ ऊर्जेची, आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. अमेरिकेतल्या रेमंड लिंडेमन या तरुण संशोधकाने मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा अभ्यास करून ऊर्जा एका पोषण पातळीवरून दुसरीवर, म्हणजे वनस्पतींकडून त्या खाणाऱ्यांकडे आणि तिथून शिकाऱ्यांकडे, कशी जाते ते मांडलं. त्याचा लेख १९४२ मध्ये छापून आला, त्याआधीच वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला होता. वरच्या पातळीला साधारण दहा टक्के ऊर्जा पोचते हा नियम तुम्हाला शिकवतील. तो ढोबळ आहे, प्रत्यक्षात प्रमाण बरंच कमीजास्त होतं. पण त्यातून सरळ प्रश्न निघतो: टोकाचे शिकारी मोजकेच असायला हवेत, मग शहरातून वाहणाऱ्या एवढ्याशा नदीत काही शे मगरी कशा? एक कारण म्हणजे मगर थंड रक्ताची. अंग गरम ठेवायला ती अन्न जाळत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या वाघाच्या मानाने तिला फारच थोडं लागतं. दुसरं, तिचं सगळं खाणं नदीत तयार होत नाही. काठावरची डुकरं, कुत्री, टाकलेली मेलेली जनावरं, हे सगळं बाहेरून आलेलं अन्न आहे. नदीभोवती कुंपण आहे असं धरून अन्नसाखळी काढली तर हिशोब कधीच जुळणार नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली, तेव्हा तिची सीमा अभ्यास करणाऱ्याने आखायची असते हेही सांगितलं होतं. परीक्षेत हे क्वचितच विचारतात. कामात रोज विचारलं जातं.

अभ्यासाबद्दल थोडं. संख्याशास्त्राला घाबरून जीवशास्त्राकडे आलेल्यांची इथे गय होत नाही, तेव्हा पहिल्या वर्षीच ते पक्कं करा. नमुना कसा घ्यायचा, किती घ्यायचे, दोन सरासरींतला फरक खरा की योगायोग, एवढं आलं तरी पुष्कळ. जोडीला एक गट ओळखायला शिका: गवतं, पक्षी, बेडूक, काहीही. पक्ष्यांसाठी हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. बडोदा संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तिथे उतरतात. माणसाने केलेली जागाही किती समृद्ध होऊ शकते ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

मी आधी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते, आता पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या म्हणजे ईआयएच्या कामात आहे; एखाद्या प्रकल्पाने परिसरावर काय परिणाम होईल ते त्यात आधीच तपासतात. या अहवालांसाठी सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी मागतात. हवेच्या नोंदींना ते ठीक असेल, पण बेडूक, पावसाळी वनस्पती, तात्पुरती डबकी, यांतलं काहीच मार्च महिन्यात दिसत नाही. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की अहवालाला लागत नसलं तरी पावसात ती जागा एकदा बघून या. 'इथे विशेष काही आढळलं नाही' या वाक्याखाली सही करण्याआधी ते आपलं कर्तव्य आहे.

कॉलेजात शिकवायचं असेल तर नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. गेटमध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी आणि परिस्थितिकी व उत्क्रांती असे दोन वेगळे पेपर आहेत, फॉर्म भरताना गल्लत करू नका. आणि प्रकल्प मगरीवरच करायचा असेल तर आधी मार्गदर्शकांमार्फत वनखात्याकडे अर्ज टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, त्यामुळे परवानगीला वेळ लागतो. तोवर पुलावरून दुर्बिणीने नोंदी घ्या, आणि एप्रिल ते जून काठावर उतरू नका, घरट्याजवळची मादी अंगावर येते.