ओक्युलरमध्ये मराठी पीडीएफ फुटली तर

विंडोजवर बनवलेलं मराठी पत्र लिनक्सवर ओक्युलर किंवा एव्हिन्समध्ये उघडलं आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर व्ह्यूअर बदलत बसू नका. हे दोन्ही पॉप्लर ही एकच लायब्ररी वापरतात, त्यामुळे निकाल तोच येणार.

आधी टर्मिनलमध्ये पॉप्लरचं 'पीडीएफफॉन्ट्स' हे साधन त्या फाइलवर चालवा. 'ईएमबी' रकान्यात 'नो' असेल तर फॉन्ट फाइलमध्ये भरलेलाच नाही. देवनागरीच्या पीडीएफमध्ये बहुधा युनिकोड अक्षरं नव्हे, तर फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक असतात. म्हणून लोहित किंवा नोटो हे देवनागरी फॉन्ट टाकूनही जोडाक्षरं चुकू शकतात. क्रमांक तोच, आकृती दुसरी! खात्रीचा इलाज मूळ फाइलकडेच: लिब्रेऑफिस रायटरमध्ये 'एक्सपोर्ट ॲज पीडीएफ' उघडून 'जनरल' टॅबवर पीडीएफ/ए निवडा. या मानकात वापरलेले फॉन्ट आत भरणं सक्तीचंच आहे.

दिसतं नीट, पण शोध लागत नाही? मग 'पीडीएफफॉन्ट्स'च्याच निकालातला 'यूएनआय' रकाना पाहा. तिथे 'नो' असेल तर कॉपी केलेला मजकूर कचराच निघतो. अशा वेळी ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं, हाच मार्ग: टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमचा मराठी डेटा बसवून त्यावर चालणारं ओसीआरमायपीडीएफ हे साधन सक्तीच्या ओसीआर पर्यायासह चालवा. पानांची चित्रं होतात, फाइल फुगते, आणि रफार अधूनमधून चुकतो. तेवढं हाताने तपासावं लागतं.

पुढे दुरुस्ती लागणार असेल तर एक्सपोर्ट करताना त्याच 'जनरल' टॅबवर 'हायब्रिड पीडीएफ'वर खूण करा, म्हणजे मूळ दस्तऐवजही पीडीएफच्या आत राहतो. एरवी लिब्रेऑफिस पीडीएफ ड्रॉ या आपल्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतं, परिच्छेदाचे तुकडे पाडतं. हायब्रिड फाइल मात्र थेट रायटरमध्ये उघडते.