यकृत, कोलॅजन आणि माझी प्लास्टिकची डिश

पीएचडीला यकृताचा फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे धागे साचून यकृत कडक होणं, हा विषय मिळाला, तेव्हा पेशींबाहेरचं प्रथिनांचं जाळं, म्हणजे आमच्या लॅबच्या बोलीत 'ईसीएम', मला विटांमधल्या सिमेंटसारखं वाटायचं. त्या समजुतीपायी चार महिने गेले.

बेत साधा होता. उंदराच्या यकृतातून स्टेलेट पेशी (फायब्रोसिसमध्ये कोलॅजन बनवणाऱ्या) काढायच्या, निम्म्यांना टीजीएफ-बीटा हे त्यांना चेतवणारं संकेत-प्रथिन द्यायचं, बाकीच्या कंट्रोल म्हणून तशाच ठेवायच्या आणि कोलॅजन, म्हणजे त्या जाळ्यातलं मुख्य धाग्याचं प्रथिन, मोजायचं. निरोगी यकृतात या पेशी जीवनसत्त्व अ साठवून निवांत असतात. अतिनील प्रकाशात त्या चमकतात आणि बघता बघता विझतात. ते एकदा तरी पाहाच. पण आठवड्याभरात माझ्या कंट्रोल पेशीही ताणून पसरल्या, कोलॅजन सोडू लागल्या. मी सीरमची बाटली बदलली, मग इनक्यूबेटर. शेवटी एक सीनियर म्हणाली, "अगं, वाढवतेस कशात? प्लास्टिकमध्येच ना?"

फायब्रोस्कॅन या यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत निरोगी यकृताचा आकडा साधारण 5 किलोपास्कलच्या आसपास येतो, सिरॉसिसमध्ये, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्यात, बहुधा 12-13 च्या वर. आपली प्लास्टिकची डिश गिगापास्कलमध्ये, म्हणजे लाखो पटींनी कडक! स्टेलेट पेशींना नुसता कडकपणाच पुरतो. त्या कोलॅजन ओततात, लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्याचे धागे एकमेकांना घट्ट जोडतं, ऊती आणखी कडक होते, आणि पेशी आणखी चेकाळतात. शिवाय टीजीएफ-बीटा याच जाळ्यात निष्क्रिय अडकून असतो. पेशींच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन प्रथिनांनी ओढलं की सुटतो. यकृताच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण आधी सिरॉसिसचे असतात, ते उगाच नाही.

पण म्हणून कोलॅजनला खलनायक ठरवून मोकळं होऊ नका, मी झाले होते. लॉक्सएल2 (लायसिल ऑक्सिडेजचंच भावंड) रोखणारं सिमटुझुमॅब हे औषध रुग्णांच्या चाचण्यांत फोल ठरलं. उंदरांच्या यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींभोवतालचं टाइप 1 कोलॅजन काढलं, तर त्या उलट जोमाने वाढल्या. म्हणजे तेच जाळं कुठे कुंपण होतं, कुठे शिडी.

आता कामाचं. जमल्यास पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या मऊ जेलवर पेशी वाढवा. पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या द्रवात, डीएमईएममध्ये, जीवनसत्त्व क नसतं. ते घातलं नाही तर कोलॅजनची तिहेरी वीण नीट जमत नाही (खलाशांच्या हिरड्यांचं दुखणं, स्कर्व्ही, ते हेच). पहिले काही दिवस ब्लॉट (प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत) विसरा, कोलॅजन रंगवणाऱ्या सिरियस रेडच्या स्लाइड ध्रुवित प्रकाशात पाहत बसा. त्या रंगातलं पिक्रिक आम्ल मात्र कधी कोरडं पडू देऊ नका, स्फोट होऊ शकतो.

आणि पेलेट, म्हणजे नळीच्या तळाशी बसलेला गाळ, फेकू नका. घट्ट जोडलेलं कोलॅजन नेहमीच्या बफरमध्ये विरघळत नाही, तळाशी बसतं. मी नळीतलं वरचं पाणी मोजून 'काही वाढलं नाही' असं लिहिलं होतं. नंतर 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर रात्रभर उकळून हायड्रॉक्सीप्रोलीन, म्हणजे कोलॅजनची खूण असलेलं अमिनो आम्ल, मोजलं. सगळं पेलेटमध्येच होतं.